नारायण नावाचा ख्रिस्ती

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, जात गेली, आप्तांनी पाठ फिरविली, काही वर्षे संसारही दुभंगला. नाव मात्र होते तेच राहिले. नारायण हे विष्णूचे नाव, वामन हा विष्णूचा अवतार. पुढे १९०० साली त्यांच्या पत्नीने बाप्तिस्मा घेतला. तिचे नाव लक्ष्मी. म्हणजे मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील सर्वांत थोर घर हे लक्ष्मी-नारायणाचे घर आहे! आपल्या कानांना हे इतके सवयीचे झाले आहे की त्यातील नवल कुणाला जाणवत नाही. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. त्या माहेरच्या मनकर्णिका गोखले. लग्नाने त्यांचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलले. बाप्तिस्म्याने दोहोंपैकी काहीच बदलले नाही.

पण सर्वांच्याच बाबतीत असे घडले नाही. टिळकांच्या आधी १८४८ साली नीळकंठशास्त्री गोऱ्हे ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांना नहेम्या हे नाव मिळाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, तो 'मेरी रमा' या नावाने. तिघेही ब्राह्मण कुळातले, तिघेही व्युत्पन्न, तिघांनीही धर्मांतराची किंमत मोजलेली. एकाचे नाव तसेच राहिले, एकाच्या नावापुढे नवे नाव बसले, एकीच्या नावाला नवी जोड मिळाली. मग ख्रिस्ती श्रद्धेत नावाचे स्थान तरी कोणते? ख्रिस्ती होणे म्हणजे नवे नाव घेणे, असे आपल्याकडे हिंदूंना वाटते आणि पुष्कळ ख्रिस्ती लोकांनाही वाटते. ही समजूत इतिहासाला धरून नाही, असे आमचे मत आहे. त्याची कारणे येथे मांडतो.

आरंभ बायबलपासूनच करावयास हवा. बायबलमध्ये नावांना अर्थाचे मोठे वजन आहे, यात शंका नाही. अब्रामाचा अब्राहाम होतो, कारण तो पुष्कळांचा पिता व्हावयाचा आहे. याकोब, म्हणजे भावाची टाच धरून जन्माला आलेला. तो रात्रभर झुंजतो आणि पहाटे इस्राएल होतो. शिमोन कोळ्याला येशू केफा म्हणतो, म्हणजे खडक. ग्रीकमध्ये त्याचाच पेत्र झाला. खुद्द येशू हे नाव म्हणजे जुन्या करारातील यहोशवाच. 'परमेश्वर तारण करतो' असा त्याचा अर्थ. मत्तयाच्या शुभवर्तमानात देवदूत योसेफाला हे नाव ठेवावयास सांगतो, तेव्हा त्याचे कारणही देतो. ते कारण हिब्रू जाणणाऱ्याला ऐकताक्षणी उमगते. मराठीत आपल्याला तळटीप लागते. आणि तरीही हे नाव त्या काळी दुर्मीळ नव्हते. आपल्याकडे गल्लोगल्ली राम असावा तसे पॅलेस्टाइनमध्ये येशू होते. म्हणून तर 'नासरेथकर' हे विशेषण जोडावे लागे.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अब्राहाम, इस्राएल, पेत्र ही नावे धर्म बदलल्याची खूण म्हणून आलेली नाहीत. देवाने एखाद्या माणसावर काम सोपविले, त्या कामाचे ते नाव आहे. धर्मांतराबरोबर नाव बदलल्याचे उदाहरण म्हणून नेहमी शौलाचा पौल सांगितला जातो. ते तर साफ चुकीचे आहे. दिमिष्काच्या वाटेवरील प्रसंग 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात येतो. त्यानंतरही चार अध्याय तो शौलच आहे. तेराव्या अध्यायात, तो कुप्र बेटावर रोमन अधिकाऱ्यासमोर उभा असताना, याला पौलही म्हणत, एवढेच लेखक जाता जाता सांगतो. यहुदी लोकांत शौल, रोमन जगात पौल: एका माणसाची दोन नावे होती. दमास्कसच्या प्रकाशाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

उलट, जुन्या करारात परक्या धर्माची नावे कोण देतो, ते पाहण्याजोगे आहे. फारो योसेफाला मिसरी नाव देतो. दानीएल आणि त्याचे तीन सोबती बाबेलच्या दरबारात कैदी म्हणून येतात, तेव्हा खोजांचा सरदार त्यांची नावे बदलतो. दानीएल या नावात इस्राएलचा देव आहे. बेल्टशस्सर हे त्याचे नवे नाव बाबेलच्या देवाची आठवण करून देते, असे राजाच त्या पुस्तकात सांगतो. नाव बदलणे हे येथे जेत्याचे काम आहे. आणि त्या चौघांनी काय केले? राजाच्या ताटातले अन्न त्यांनी नाकारले. नावावरून मात्र वाद घातला नाही. अन्नाने माणूस विटाळेल, नावाने विटाळणार नाही, असा त्यांचा हिशेब दिसतो. आम्हांला हा हिशेब फार मोलाचा वाटतो.

पहिल्या ख्रिस्ती मंडळीनेही तोच हिशेब पाळला. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय म्हणजे निरोपांची यादी. उपासनेत तो क्वचितच वाचला जातो, पण इतिहासकाराला तो खजिना आहे. त्यात फिबी आहे, हे चंद्रदेवतेचे विशेषण. हर्मेस आहे, तो ग्रीकांच्या देवदूताच्याच नावाने. नेरेय आहे, तो समुद्रदेव. दुसऱ्या पत्रात एपफ्रदीत भेटतो, त्याच्या नावात आफ्रोदिती ही कामदेवता दडलेली आहे. अपुल्लोस हा तर मोठा वक्ता आणि शिक्षक, त्याच्या नावात अपोलो. यांपैकी कुणालाही पौलाने नाव बदलण्यास सांगितल्याचे दिसत नाही. मूर्तींना दाखविलेला नैवेद्य खावा की न खावा यावर पौल पानेच्या पाने लिहितो. मूर्तीच्या नावाच्या माणसाला मात्र तो निःशंकपणे बंधू म्हणतो.

याचे कारण असे की बाप्तिस्म्यात महत्त्वाचे नाव बाप्तिस्मा घेणाऱ्याचे नसतेच. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तो विधी होतो. आपण कोणते नाव धारण करतो यापेक्षा आपण कोणाचे नाव घेतो, हा तेथील प्रश्न आहे. मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. आपल्या संतांनी 'नाम' या एका शब्दावर पंथ उभारला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची स्वतःची भावना होती. नाम घेणे आणि नाव असणे यांतला फरक त्यांना चर्चच्या पायरीवर प्रथम कळला असेल, असे मानण्याचे कारण नाही.

मग नावे बदलू लागली केव्हा? तिसऱ्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस नमूद करतो की श्रद्धावान लोक आपल्या मुलांना पेत्र, पौल अशी नावे प्रेमाने ठेवतात. हे नोंदविणाऱ्या बिशपचे नाव मद्यदेवतेचे, हे विसरू नये. चौथ्या शतकाच्या प्रारंभी, छळाच्या दिवसांत, कैसरियाच्या न्यायासनासमोर काही मिसरी ख्रिस्ती उभे केले गेले. युसेबियस या इतिहासकाराने तो प्रसंग लिहून ठेवला आहे. नाव विचारले असता त्यांनी आईबापांनी ठेवलेली मूर्तींची नावे न सांगता एलिया, यिर्मया, यशया, शमुवेल, दानीएल अशी संदेष्ट्यांची नावे सांगितली. गाव विचारले तर यरुशलेम. अधिकारी बुचकळ्यात पडला; हे यरुशलेम नावाचे ख्रिस्ती लोकांचे शहर आहे तरी कोठे, आणि तेथे बंड तर शिजत नाही ना, अशी त्याला शंका आली. पाचांचाही शिरच्छेद झाला. येथे नाव बदलले आहे, पण ते कुणी लादलेले नाही. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने स्वतः निवडलेले ते नाव आहे.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात योहान क्रिसोस्तोम या प्रख्यात धर्मोपदेशकाची तक्रार निराळी आहे. मुलाचे नाव ठेवताना लोक अनेक दिवे पेटवीत, प्रत्येक दिव्याला एकेक नाव देत आणि जो दिवा सर्वांत उशिरा विझे त्याचे नाव मुलाला ठेवीत, म्हणजे मूल दीर्घायुषी होईल! आपल्याकडील बारशाच्या चालीरीती आठवून वाचकांना येथे हसू येईल. क्रिसोस्तोम म्हणे, हे सोडा, आजोबा-पणजोबांची नावेही राहू द्या. संतांची, हुतात्म्यांची नावे ठेवा, म्हणजे मुलापुढे आदर्श राहील. सल्ला चांगला होता. पण तो सल्लाच होता. रोममधील एका धर्मगुरूचे नाव मर्क्युरिअस, हा व्यापाराचा आणि चोरांचा रोमन देव. हे नाव घेऊन तो पन्नाशी-साठीपर्यंत वेदीसमोर उभा राहिला, कुणाचे काही बिघडले नाही. ५३३ साली तो पोप झाला, तेव्हा मात्र हे नाव त्या गादीला शोभणार नाही असे ठरून तो दुसरा योहान झाला. पोपने नाव बदलण्याच्या प्रथेचा उगम येथे मानतात. सेव्हिलचे संत इसिदोर, ज्यांच्या नावाचा अर्थ 'इसिस देवीचे दान', त्यांना सातव्या शतकातही कुणी टोकले नाही.

सल्ल्याचा नियम व्हायला सोळावे शतक उजाडावे लागले. युरोपात चर्च दुभंगले होते आणि दोन्ही बाजूंना नाव हे निशाण वाटू लागले होते. जिनिव्हात कॅल्विनच्या अनुयायांनी संतांच्या नावांवर टाच आणली. १५४६ साली एका न्हाव्याने आपल्या मुलाचे नाव क्लोद सांगितले. जवळच्या तीर्थस्थानामुळे त्या मुलखात हे नाव घरोघरी होते. पाळकाने पाणी घालताना परस्पर अब्राहाम म्हणून टाकले. बापाने पोर उचलले आणि चर्चमध्ये एकच गोंधळ उडाला. त्याच वर्षी निषिद्ध नावांची यादी नगरसभेने जाहीर केली. दुसऱ्या बाजूला १५६६ च्या रोमन धर्मशिक्षणग्रंथाने संताचेच नाव द्यावे असे सांगितले. दोघांचे भांडण संतांवरून. पण नाव ठरविण्याचा अधिकार आईबापांकडून काढून घ्यावा, याबाबत दोघांचे एकमत!

नेमका हाच काळ गोव्यातील आणि वसईतील धर्मांतरांचा आहे, आणि आपल्याकडच्या समजुतीचे मूळ येथे आहे. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला, १५३४ साली वसई. येथील बाप्तिस्म्यात नवे नाव तर मिळेच, पण आडनावही बदले. बहुधा धर्मपिता म्हणून उभ्या राहिलेल्या पोर्तुगीज माणसाचे आडनाव नवख्रिस्ती कुटुंबाला लागे. येशूच्या शिष्यांना आडनावे नव्हती, तेव्हा याला शास्त्राधार शोधणे व्यर्थ आहे. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा, फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा. पण गोव्याच्या फर्नांडिसचा कोणताही पूर्वज फर्नांडो नव्हता. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, कार्व्हालो म्हणजे ओक वृक्ष. (मराठीत ओक आडनाव आहेच, पण त्याचा या झाडाशी संबंध नाही.) या नावांत ख्रिस्ती असे काहीही नाही. ती पोर्तुगीज नावे आहेत, आणि बाबेलच्या दरबारात जे घडले तेच येथे घडले, फक्त बायबल हातात धरून घडले. लोकांनी जुनी नावे अगदीच टाकली असेही नाही. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत प्रभू, कामत, नायक ही मूळ आडनावे 'पैक' म्हणून आजही सांगितली जातात.

वसईचा मुलूख १७३९ साली मराठ्यांनी जिंकला. पोर्तुगीज गेले, आडनावे राहिली, आणि बोली मराठीच राहिली. त्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबलचा 'सुबोध बायबल' हा अनुवाद केला, त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. २०२० साली उस्मानाबाद येथे (आता धाराशिव) भरलेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला विरोधही झाला. २०२४ साली ते निवर्तले. त्यांच्या पुस्तकांतील मराठी ज्याने वाचली आहे, त्याला त्या विरोधाचे आश्चर्य वाटेल. ज्याने केवळ नाव वाचले असेल त्याला वाटणार नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या सत्तेने लावलेल्या पाटीवरून आजच्या माणसाचे परकेपण ठरवावयाचे, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

एकोणिसाव्या शतकात आलेल्या प्रोटेस्टंट मिशनांची रीत वेगळी होती. १८४३ साली ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री नारायणच राहिले. १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेले, 'यमुनापर्यटन'कार बाबा पदमनजी तेच राहिले. संतनामाचा आग्रह या पंथांत नव्हता, हे एक कारण उघड आहे. पण आमच्या मते दुसरेही कारण असावे. ही माणसे स्वतःच्या विचाराने आली होती, आपल्या समाजाशी वाद घालीत आली होती. नाव तेच ठेवले तरच तो वाद घरातला राहतो. रमाबाईंच्या पत्रव्यवहारात हे स्पष्ट दिसते. क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, ती ना मला समजतात ना माझ्या देशबांधवांना, तेथे संस्कृत का नको, असा प्रश्न त्यांनी आपल्या इंग्रज गुरुभगिनींना केला. त्यांच्या नावातली 'मेरी' वाँटेजच्या नोंदीत राहिली. मुक्तीच्या मुली त्यांना रमाबाईच म्हणत आल्या. बंगालमध्ये भवानीचरण बंद्योपाध्याय यांनी १८९१ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना थिओफिलस नाव मिळाले. ग्रीकमध्ये याचा अर्थ देवाचा मित्र. तीन वर्षांनी त्यांनी त्याचे सरळ भाषांतर केले आणि ते ब्रह्मबांधव उपाध्याय झाले. याच नावाने देश त्यांना ओळखतो.

येथवरचे विवेचन वाचून कुणाला वाटेल की जुने नाव ठेवणे हेच नेहमी श्रेष्ठ. तसे म्हणता येणार नाही. नारायण, नीळकंठ, रमा ही नावे ज्यांना मिळाली त्यांना ती ठेवावीशी वाटली, यात नवल काय? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक असावे आणि शूद्राचे नाव तुच्छतादर्शक, असे सांगितले आहे. आणि शूद्रांपलीकडील लोकांना तर तेथे जागाच नाही. नगर जिल्ह्यातील ज्या महार-मांग कुटुंबांनी गेल्या दीड शतकात ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली, त्यांना गावाने पूर्ण नावाने कधी हाक मारली होती? धोंड्या, कचऱ्या हीच हाक. अशा माणसाला दानीएल, योहान, शलमोन असे नाव मिळाले आणि रविवारी भर सभेत ते पुरतेपणी उच्चारले गेले, तर त्याचा अर्थ टिळकांच्या नारायणाहून निराळा आहे. कैसरियाच्या त्या पाच मिसऱ्यांच्या जवळचा आहे. जे नाव एकाला परके वाटते तेच दुसऱ्याला सुटकेचे वाटू शकते, आणि वरच्या जातीत जन्मलेल्या टीकाकाराने त्याला हसण्याचे कारण नाही.

या लोकांच्या नावांवर आज आणखी एक ओझे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे चर्चच्या नोंदवहीत एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, अशी वेळ येते. यातील कोणते नाव खरे, हा प्रश्न मग तत्त्वज्ञानाचा न राहता तहसील कचेरीचा होतो.

चर्चने मात्र या बाबतीत पुष्कळ वाट मागे चालून नेली आहे. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार आईबापांनी ख्रिस्ती नाव दिले नाही तर धर्मगुरूने संताचे नाव जोडावे आणि दोन्ही नोंदवावीत, असा दंडक होता. १९८३ च्या संहितेत एवढेच उरले की नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे. म्हणजे पौलाच्या त्या निरोपांच्या यादीतील बहुतेकांना आता पुन्हा हरकत नाही. प्रोटेस्टंट नगरमध्ये तर ही मोकळीक जुनीच. तेथील ख्रिस्ती घराण्यात १९१८ साली जन्मलेल्या एका मुलाचे नाव शाहू ठेवले गेले. पुढे त्याने पडद्यावर अनेकदा कृष्ण रंगविला, आणि १९४० साली प्रभातचा ज्ञानेश्वर झाला तोही हाच, शाहू मोडक.

मराठी ख्रिस्ती घरांत आज जी नावे आढळतात त्यांत एक तिसरा प्रकार आहे, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. कृपा, स्तुती, अनुग्रह, विश्वास ही नावे ना पोर्तुगीज, ना इंग्रजी, ना कोणत्या देवतेची. ती मराठी बायबलच्या शब्दसंग्रहातून आली आहेत. त्यांतच शांतवन हे एक नाव आहे. ते मराठी ख्रिस्ती समाजाबाहेर आमच्या पाहण्यात आलेले नाही. नीळकंठशास्त्र्यांना १८४८ साली जे हिब्रू नाव देण्यात आले त्याचा अर्थ 'परमेश्वर शांतवन करतो' असाच आहे.